न फाटणारा कागद

४ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुला 'वहिनीसाहेब' लिहिताना मला अजून हसू येतं. आठ वर्षं एका बाकावर बसलीस, माझा अर्धा डबा रोज फस्त केलास आणि वर माझ्या दादालाच पळवून नेलंस. तेव्हापासून मी वन्सं झाले आणि तू मला कामं सांगायची सोडलीस. आता मी तुला एक सांगते.

मला कागद हवाय. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय, खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट पलंगाच्या उशापर्यंत. आमच्या ओळीतल्या अकराही घरांखालून तांब्याची खाण गेलीय हे तुला माहीतच आहे, त्यामुळे तड्याचं इथे कुणाला नवल नाही. खाणीच्या ऑफिसचा नियम असा की तड्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची, तारीख घालायची आणि पट्टी फाटली की नेऊन दाखवायची. फाटली म्हणजे भिंत सरकली. मी दोनदा नेली. दोन्ही वेळा साहेबांनी ती बोटांत चोळली आणि म्हणाले, "बाई, ही ओलीनं फाटलीय." आता ऑफिसच देतं तो कागद हात पुसायच्या लायकीचा नाही, तो ओलीनं फाटणारच! पण आम्ही बोलायचं कुणाला?

तुझ्या वाइंडिंगच्या दुकानात विजेच्या मोटारींमध्ये घालायचा एक चिवट कागद असतो ना? त्याच्या चार पट्ट्या पाठव. मग बघते साहेब काय कारण काढतात ते.

त्या खोलीत मामंजी झोपतात. चाळीस वर्षं सुरुंगांच्या आवाजात काढल्यावर सासऱ्यांना आता कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. पण चहा पिता पिता पाय जमिनीला टेकवून सांगतात, "आत्ता उडवला." घड्याळ लावून घ्यावं इतकं अचूक. हल्ली रोज म्हणतात, घर चालायला लागलंय. हे त्यांना चिडवतात, "मग कुठवर पोचलो आपण, बाबा?"

फोन करू नकोस. फोन ऑफिसात आहे आणि तिथला कारकून दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यासाठीच पगार घेतो. दादाला सांग, मी त्याच्यावर रागावलेय. कशाबद्दल ते तो स्वतःच शोधेल.

तुझी वन्सं


१३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

चार मागितल्यास, वीस पाठवतेय. माहेरच्या माणसांनी हात आखडता घेतला असं नको म्हणायला.

हा माझा सगळ्यात भारी कागद आहे. जळकी मोटार आली की मी आतली काळी पडलेली तार कापून काढते, वेढे मोजते, खाचा घासून स्वच्छ करते. मग प्रत्येक खाचेत आधी हा कागद आणि त्यावर नवी तांब्याची तार. तार कितीही ताणून बसवा, मोटार तापून लाल होऊ दे, तेल सांडू दे, पाणी शिरू दे, कागद ढिम्म. पंधरा वर्षांनी मोटार उघडली तरी मीच बसवलेला कागद तसाच्या तसा निघतो आणि मला उगाच अभिमान वाटतो. तुझ्या साहेबांच्या बोटांना झेपणार नाही तो.

माझं हल्ली बरं चाललंय. कामाचा ताण कमी झालाय, पाठही दुखत नाही. तुझा दादा आलेल्या मोटारी बसवायला घरोघर फिरतो आणि प्रत्येक घरी चहा पितो. तू रागावलीस हे कळल्यावर त्यानं चार कारणं कबूल केली. त्यातली दोन मला माहीत नव्हती, आता घरी आल्यावर बघते त्याच्याकडे.

मामंजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, घर आमच्या दिशेनं चालवा.

तुझी वहिनी


६ मार्च

वहिनी,

कागद लावल्याला आज एकोणीस दिवस झाले आणि तो शाबूत आहे! काय सांगू तुला, छातीवरचा दगड उतरला. म्हणजे भिंत सरकलेली नाही, आधीच्या दोन्ही पट्ट्या खरंच ओलीनंच गेल्या. साहेबांवर उगाच तोंडसुख घेतलं मी. ओल मात्र भयंकर आहे, तुझ्या पट्टीचाही एका टोकाचा डिंक दोनदा सुटला. मी परत घट्ट चिकटवला. कागदाला साधी सुरकुती नाही.

हेसुद्धा निवांत झालेत. कामावरून आले की बूट काढायच्या आधी मागच्या खोलीत जाऊन पट्टी बघतात, मग शीळ घालत हातपाय धुतात.

ऐकत नाहीत ते फक्त मामंजी. त्यांच्या खोलीचं दार आता लागत नाही, चौकटीला घासतं. त्यांचं तेच, घर चालतंय. परवा तर जेवणाच्या ताटावरून उठले. मग मी त्यांचा हात धरला, भिंतीपाशी नेलं आणि कागद दाखवला. मोठ्यानं म्हटलं, "बघा, फाटलाय का कुठे?" त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि पलंगावर जाऊन बसले. तेव्हापासून काही बोलत नाहीत. मला जरा वाईट वाटलं, पण म्हातारपणी मनात काहीबाही येतं माणसाच्या.

खालच्या ओढ्यात कपडे धुणं सोडलंय आता सगळ्यांनी. दगड धुतलेलं राखाडी पाणी येतं, पांढरं कापड टाकलं की सिमेंटच्या पोत्यासारखं होऊन निघतं. तेवढं सोडलं तर मजेत.

तुझी वन्सं


१० मार्च, दुपार

अगं, हे पत्र वाचून संपवायच्या आधी मामंजींचा पलंग त्या खोलीतून बाहेर काढ. आधी काढ, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आत्ता आलं. डिंक दोनदा सुटला हे वाचलं. हातात तोच कागद होता. ओढून बघितला. तुझ्या दादाला म्हटलं, फाडून दाखव. त्यानं हातानं ओढला, दातानं ओढला, शेवटी दोन पकडी लावल्या. नाही फाटला. अगं, फाटणं हेच तर त्या पट्टीचं काम होतं! मी मूर्ख, मला वाटलं चांगला कागद म्हणजे न फाटणारा. वीस वर्षं तेवढंच बघत आलेय मी कागदात. ओलीनं नाही सुटला तो डिंक. भिंत सरकली, कागद तुटेना, म्हणून डिंक सुटला. दोनदा सुटला!

ऑफिसात फोन लावला. कारकून म्हणाला, निरोप देतो. त्याच्यावर माझा विश्वास नाही, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. दुकानाला कुलूप लावून मी उद्याच्या बसनं येतेच.

मामंजींचं ऐक. मी सांगते म्हणून ऐक.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

भिंतीची बातमी तुला ड्रायव्हरकडून कळलीच असेल. तू आल्यावर आपण लावलेला ऑफिसचा तो पातळ कागद, कोरड्या हवेत, तिसऱ्या दिवशी मधोमध टरकन फाटलेला तू तुझ्या डोळ्यांनी पाहून गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता खिडकीवरचा सगळा भाग आत कोसळला, नेमका जिथे पलंगाचं उसं होतं तिथे. मामंजी पुढच्या खोलीत अंडं सोलत बसले होते. त्यांना आवाज ऐकू आला नाही, पायांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "पोचलं." मी त्यांच्या पायांशी बसून रडले गं. मी त्यांना हाताला धरून कागद दाखवला होता!

आता तुला सांगितलं नाही ते सांगते. खाणीच्या दिवेघरात खिडकीशी मीच बसते हे तुला माहीत आहे. खाली जाणाऱ्याला डोक्यावरचा दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि तो ज्या पातळीवर जाणार त्या खिळ्याला लावायचा. डिसेंबरपासून यांच्या टोळीचे चौदा बिल्ले मी पाचव्या पातळीच्या खिळ्यांना लावतेय. पाचवी पातळी म्हणजे आमच्या ओळीच्या खाली. मला माहीत होतं. तुझ्यापासून लपवलं, कारण लिहिलं असतं तर मलाच वाचावं लागलं असतं.

खणताना मधेमधे दगडाचे जाड खांब सोडतात, वरचं तोलायला. त्या खांबांतही तांबं असतंच. इकडचं तिकडचं संपत आलं आणि भाव चढला की साहेबांची नजर खांबांवर जाते. आमच्या घरांखालचा खांब तरुणपणी ज्यांनी सोडला त्या टोळीत मामंजी होते. आता तो पोखरणाऱ्या टोळीत त्यांचा मुलगा आहे.

भिंत पडली त्या दिवशी हे माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलले. म्हणाले, "मी रोज पट्टी बघायचो. फाटलेली दिसली असती तर त्याच दिवशी काम टाकलं असतं. शाबूत दिसली की वाटायचं, उद्या अजून चार सुरुंग चालतील." एवढा आडदांड माणूस, पण ते सांगताना खाली बघत होते.

साहेब घरी येऊन गेले. म्हणाले, खोली नवी बांधून देतो, ओलीचं प्रकरण म्हणून मिटवू. पुढच्या महिन्यात बाहेरून सुरक्षा निरीक्षक येणार आहेत, त्यांना मी काही लिहून देऊ नये असं साहेबांचं म्हणणं दिसतंय. लिहून दिलं तर खांबाचं काम थांबेल आणि चौदा घरांतली चूल थंडावेल. त्यात आमचीही आली. नाही दिलं तर अजून दहा घरं आहेत. काय करू सांग.

तुझी वन्सं


१ एप्रिल

वन्सं,

काय करू हे मला विचारतेस? तुझ्या नवऱ्यानं ज्या कागदाकडे बघून सुरुंग भरले तो मी पाठवलेला. चारऐवजी वीस पाठवला, मोठेपणा मिरवायला. मामंजींना काही झालं असतं तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं?

आणि तूच सगळं कबूल केलंस, मी मात्र अजून साळसूदपणे बसलेय. पाठ दुखत नाही म्हणून लिहिलं होतं ना मी? ती दुखत नाही, कारण मी गेलं वर्षभर वाइंडिंग जवळजवळ करतच नाही. जळकी मोटार आली की भंगाराच्या ढिगात टाकायची आणि नवी कोरी बसवायची. गिऱ्हाइकाला दहा दिवस थांबायला नको असतं, मलाही वाकायला नको असतं. तुझा दादा ज्या मोटारी बसवत फिरतो त्या सगळ्या नव्या. मागच्या अंगणात ढीग एवढा वाढलाय की त्यावर मांजर व्यालं. त्यातल्या निम्म्यांना फक्त नवी तार हवी होती. लोखंड चांगलं, दांडा चांगला, सगळं चांगलं.

तिकडे मामंजींच्या उशाखालून तांबं निघतंय आणि इकडे मी ते मांजराच्या बाळंतपणाला दिलंय. हे मला तुझ्या घरी, त्या तडा गेलेल्या खोलीत उभं राहिल्यावर सुचायला हवं होतं. नाही सुचलं. बसमध्ये परत येताना सुचलं.

म्हणून मी तुला 'लिही' असं ऐटीत सांगणार नाही. माझी चूल चालू आहे. फक्त एवढं सांगते, तू जे करशील त्यात मी तुझ्या बाजूची. आणि एकदा मामंजींना विचार. त्यांना कुणी विचारतच नाही.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

तुझ्या डोक्यावर खापर फोडायचं असतं तर ते मी शाळेतच फोडलं असतं, तेव्हा कारणंही जास्त होती. कागद तुझा, पण भिंतीवर डिंक लावला मी आणि बघून खूश झालो आम्ही दोघं. आम्हाला शाबूतच बघायचं होतं गं. तू टिनाचा पत्रा पाठवला असतास तरी आम्ही तो लावला असता.

मामंजींना विचारलं, पाटीवर लिहून. त्यांनी पाटी हातात घेऊन वाचली. मग म्हणाले, "तांबं काढू नका असं मी कधी म्हणणार नाही. मी त्याच्यावरच पोरं वाढवली. पण आम्ही खांब सोडला तेव्हाही आम्हाला पैसे हवेच होते." आणि पाटी मला परत दिली.

निरीक्षक आले. मी लिहून दिलं, पट्ट्यांच्या तारखांसकट. तुझ्या कागदाबद्दलही लिहिलं, लपवालपवी पुरे झाली. खाली यांनीही सही केली आणि खांबाला किती जागी भोकं पाडली ते सांगितलं. पाचव्या पातळीचं काम बंद झालं. उरलेला खांब जाड आहे, आता हात लावला नाही तर तोलेल म्हणतात. यांना दिवसाआड काम मिळतं, खाणीबाहेर, सरकत्या पट्ट्यावरचे दगड निवडायचं. पडलेल्या भिंतीच्या जागी आम्ही बांबूच्या तट्ट्याची भिंत घातलीय.

बाकी सगळं छान. हवाही छान आहे.

तुझी वन्सं


३० एप्रिल

वन्सं,

हवा छान आहे? तीस वर्षांत तू मला हवेबद्दल कधी लिहिलं नव्हतंस. परीक्षेत नापास झालीस तेव्हा घरी असंच सांगितलं होतंस, पेन छान चालतं म्हणून. चौदा घरांचं काम गेलंय तिथे. शेजारणी काय म्हणतात, त्याबद्दल एक अक्षर नाही. लिही मुकाट्यानं.

माझं ऐक. पिठाच्या गिरणीवाला दहा दिवसांपूर्वी आला, तिन्ही मोटारी जळल्या म्हणून. नव्या बसवा म्हणाला. मी म्हटलं, दोन मी नवी तार भरून देते, नव्यासारख्या चालतील, अकरा दिवस लागतील. तिसरीचा दांडाच वाकलाय, ती नवी घ्यावी लागेल. तो म्हणाला, बाई, मला वेळ नाही. मी म्हटलं, तर मग दुसरं दुकान बघा. वन्सं, तो खरंच निघाला गं! दारापर्यंत गेला. मी दगडासारखी उभी. मग वळला आणि म्हणाला, "अकरा म्हणजे अकरा हं." नवव्या दिवशी दिल्या. पाठ अशी धरलीय की मी हे पत्र उभ्यानं लिहितेय आणि तुझा दादा शेक द्यायला पाणी तापवतोय.

तारही मी नवीच वापरली, तीही कुठल्यातरी खाणीतलीच. तांब्यावाचून माझं चालत नाही, गिरणीचं नाही, तुझ्या दिवेघराचंही नाही. पण लोखंडासकट आख्खी मोटार फेकायची नाही एवढं मला जमतं. एवढंच जमतं म्हणून ते करायचंच नाही का?

भंगाराचा ढीग उपसायला घेतलाय. मांजराला दुसरं घर बघून दिलं.

आता तुझी पाळी. खरं लिही.

वहिनी


१६ मे

वहिनी,

लिहिते. रडवणार असशील तर आधीच सांगते, आज मी रडून झालेय.

महिनाभर माझ्याशी इथे कुणी बोललं नाही. नळावर गेले की बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. दिवेघराच्या खिडकीत पुरुष बिल्ला हातात न देता फळीवर टाकून जायचे. यांचे लहानपणचे मित्र तोंड फिरवून जातात, तरी हे घरी येऊन म्हणतात, "आज बरंच बोलणं झालं." मला कळतं, त्यांना कळतं की मला कळतं, आणि आम्ही जेवायला बसतो. एकदा मी मामंजींच्या पाटीवर लिहिलं, 'चुकलं का माझं?' त्यांनी पदरानं पाटी पुसायला लावली मला. म्हणाले, "असलं लिहू नये."

सगळ्यात जास्त लागलं ते कोपऱ्याच्या घरातलीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून मला ताई म्हणायची, फेब्रुवारीत बाळंत झाली तेव्हा मीच होते तिच्याजवळ. तिचा नवरा यांच्याच टोळीत, आणि त्याला दिवसाआडही काम नाही. तिनं एकदा भर रस्त्यात मला ऐकवलं, "तुमची भिंत पडली म्हणून आमचं ताट ओढलंत." खोटं नव्हतं ते.

आज सकाळी ती दारात आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभी. म्हणाली, "मी तुमच्याशी बोलायला आलेली नाही." मी म्हटलं, बरं. मग म्हणाली, "कपाट सरकवलं तर मागे तडा निघालाय. यांना दाखवला, हे म्हणतात, जुना असेल. ताई, पाळणा त्याच भिंतीला आहे."

ताई म्हणाली गं ती. स्वतःच्याही ध्यानात आलं नाही तिच्या.

मी ऑफिसचा पातळ कागद आणि डिंकाची बाटली घेतली आणि तिच्या मागून गेले. नळावरच्या सगळ्या बघत होत्या, बघू देत. तडा बोटभर लांब आहे, कदाचित जुनाच असेल, देव करो आणि जुनाच निघो. ती म्हणाली, "चिकटवा." मी बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, "कागद नंतर. आधी पाळणा."

मग एक बाजू तिनं धरली, एक मी, आणि आम्ही तो उचलून चुलीजवळच्या भिंतीशी नेला. बाळ झोपलेलंच होतं, उठलंसुद्धा नाही.

तुझी वन्सं